तिसऱ्या मजल्यावरची मावशी

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. सख्खी भाची त्यात एकही नव्हती. तिसऱ्या मजल्यावरची बायकांची स्वच्छतागृहं तिच्याकडे होती. लेकीने मात्र होणाऱ्या सासरी एवढंच सांगितलं होतं की आई ऑफिसात आहे. खोटं नव्हतंच ते. पुढचं कोणी विचारलं नाही आणि लेकीनेही हात दाखवून अवलक्षण केलं नाही.

रविवारी मुलगा आईला घेऊन लग्नाचं बोलायला आला. मावशीने दार उघडलं. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या मॅडम उभ्या होत्या. सोयरीक मोडलीच, असं ती धरून चालली.

"नमस्कार," मॅडम म्हणाल्या. "घर छान ठेवलंय हो."

त्यांनी ओळखलंच नव्हतं. मावशीचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तिला रागही आला. गणवेश काढला की माणूस बदलतं होय? पण लेकीचा चेहरा फुललेला बघून तिने राग गिळला. बोलणी रंगली, गाडी लग्नाच्या तारखेपर्यंत आली.

तेवढ्यात मॅडम हात धुवायला आत गेल्या. मावशी सवयीने उठली आणि दाराशी भिंतीला लागून उभी राहिली, मान खाली, हातात टॉवेल. कामावरची शिस्तच होती तशी. मॅडमनी बाहेर येऊन न बघताच टॉवेल घेतला, हात पुसले, परत तिच्या हातावर टाकला.

"मावशी, साबण संपलाय."

"भरते, मॅडम."

मग दोघी जागच्या जागी थिजल्या. बाहेरच्या खोलीत लेकीने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही... तिसऱ्या मजल्यावरच्या?"

"हो."

"अहो, पण मी तुम्हाला कधी पाहिलंच नाही!"

"मी रोज बघते तुम्हाला."

मुलगा म्हणाला, "आई, तूच सांगतेस ना, तुमच्या मजल्यासारखी स्वच्छता कुठे नाही म्हणून?"

"सांगते रे," मॅडमचा आवाज पडला. "मला वाटायचं, ती आपोआपच असते."

बाईच्या बोलण्यात कपट नव्हतं, याचंच मावशीला जास्त वाईट वाटलं. आता झाकायला काही उरलंही नव्हतं.

"आपोआप काही होत नसतं, विहीणबाई," ती म्हणाली. "बसा. चहासुद्धा मलाच टाकावा लागेल."

लेकीने एक डोळा उघडला.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि मावशीच्या तोंडाकडे पहिल्यांदाच नीट बघत म्हणाल्या, "साखर कमी घाला, विहीणबाई."