भेगेवरची काच

बायनाबाईनं त्या भेगेचा धसकाच घेतला होता.

माजलगावच्या बाजूला, एका गावातल्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची आणि पोरींना सांभाळायचीही. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला निघून जात, पोरी इथं राहून शाळा शिकत. निजायच्या खोलीत खिडकीपासून छतापर्यंत भिंत चिरली होती. बायनाबाईनं पोरींची अंथरुणं पलीकडे सरकवली आणि स्वतः त्या भिंतीखाली पथारी टाकू लागली.

यंदा संस्थेनं सगळ्या जुन्या इमारती तपासून घ्यायचं ठरवलं. बीडहून तेजश्री नावाची इंजिनिअर आली. सोबत संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव.

"बघायचं काय त्यात? दसऱ्यालाच रंग दिलाय," विठ्ठलराव म्हणाले. "एक दाखला द्या, झालं."

तेजश्री नुसती हसली आणि कामाला लागली. आधी तिनं बाहेरून इमारतीला फेरी मारली. सांडपाणी कुठं जिरतं ते पाहिलं, पायाशी थोडी माती उकरली, गच्चीवर चढून आली. मग भेगेपाशी आली तशी बायनाबाईला राहवलं नाही.

"म्याडम, हे बंद करू नका. बंद झालं तर पोरी सरळ उसाच्या फडावर जातील. मी तिथल्या झोपड्यात, कोपीतच वाढले. साळेचं तोंड बघितलं न्हाई."

"मावशी, बंद करायला नाही आले मी. इमारतीला कुठं दुखतंय आणि काय केलं तर टिकेल, ते शोधायला आलेय."

तिनं भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवली आणि दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली. "खाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हात आकसते, तशी भिंत चिरते. भेग अजून वाढत असेल तर ही काच तडकेल. मी परत येऊन बघेपर्यंत या खोलीत कुणी निजायचं नाही. तुम्हीसुद्धा."

मग ती व्हरांड्यात गेली. पोरी इथंच पंगत धरून जेवायच्या. रंग कोरा करकरीत. तिनं शिडीवर चढून छतावर हातोडीनं हलकेच ठोकायला सुरुवात केली. टण्, टण्. जरा पुढं सरकली आणि आवाज एकदम पोकळ झाला. ढब्. ढब्.

तेजश्रीचा चेहरा पालटला. "पोरींना इथून हलवा. आत्ता."

"अहो, जेवायची वेळ झाली," विठ्ठलराव वैतागले. "ना कुठं तडा, ना काही. उगं कशाला घाबरवताय?"

पण बायनाबाईनं भरलेली ताटं उचलायला सुरुवातही केली होती. पोरींना तिनं अंगणात, कडुलिंबाखाली बसवलं.

दुपारून गवंडी आले. छताला टेकू लावले, बाजूला उभं राहून पहारीचा एक टोला हाणला, तर ताटाएवढ्या रुंद, जाड खपल्या धडाधड खाली आल्या. जिथं पोरींची रांग बसायची, नेमक्या तिथंच. वर सळ्या गंजून पार पोखरल्या होत्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणी किती वर्षं स्लॅबमध्ये मुरत होतं, कोण जाणे. गंज फुगतो आणि खालचं सिमेंट ढकलून देतो, असं तेजश्रीनं सांगितलं. रंगाखाली ते दिसणार कसं?

विठ्ठलराव खाली पडलेल्या ढिगाकडे बघत उभे राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी घाम पुसला. "मीच म्हणलो हुतो रंग द्या म्हणून," ते हळूच बोलले. "पोरी माझ्या घरच्या बैठकीत राहतील. काम पुरं होईस्तोवर."

आणि खरंच त्यांनी गाद्या-लोड काढून बैठक मोकळी करून दिली.

काही आठवड्यांनी तेजश्री पुन्हा आली. बायनाबाई काचेकडे एकटी जायला धजली नव्हती. आता तिच्या मागोमाग गेली. काच अखंड होती.

"पावसाळ्यानंतर परत बघू. पण सध्या भेग थांबलेली आहे. पायाशी जिरणारं सांडपाणी वळवलं, भेग भरून घेतली की खोली वापरता येईल. व्हरांड्याचं छत मात्र पाडून नवंच टाकायचं."

"म्हंजे पोरी राहतील?"

"राहतील."

आजवर बायनाबाईचा सगळा जीव त्या भेगेत अडकला होता, आणि काळ बसला होता पोरींच्या ताटांवर. तिनं तेजश्रीचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. "लई उपकार झाले, माय. माझं तर ध्यानच न्हाई गेलं तिकडं."

"मावशी, कुणाचंच गेलं नसतं. म्हणून तर ठोकून बघायचं."

"जेवल्याबिगर जाऊ देणार न्हाई आज."

ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली तेवढ्यात फोन वाजला. दूरच्या फडावरून सुनिताचा, वसतिगृहातल्या दीपमालाच्या आईचा. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. "मावशी, छत पडलं म्हनं? माझी लेक..."

"पडलं न्हाई, सुटलेलं तेवढं आमीच पाडलं. तुझी लेक समोर बसून जेवतीय. घे, बोल."

दीपमालानं तोंडातला घास तसाच ठेवून फोन कानाला लावला. बायनाबाईनं पदरानं डोळे टिपले, आणि तव्यावरची गरम भाकरी तेजश्रीच्या ताटात वाढली.