हळदीच्या दिवशीचा वाढदिवस

बेलापुरात एलिझाबेथबाईंचा मंडप आणि केटरिंगचा धंदा आहे. चर्चच्या नाताळच्या जेवणापासून त्यांनी सुरुवात केली, आणि आता आसपासच्या गावांतलं मोठं लग्न त्यांच्या पातेल्यांशिवाय क्वचितच होतं. बोलायला गोड बाई. त्यांच्याशी घासाघीस करून उठणाऱ्याला वाटतं आपण जिंकलो. घरी पोचेपर्यंत तसंच वाटत राहतं.

शेजारच्या गावातले कांद्याचे व्यापारी वैजनाथशेठ मुलीचं, धनश्रीचं लग्न ठरल्यावर त्यांच्याकडे आले ते पिशवी घेऊनच. पिशवी त्यांनी टेबलावर आदळली.

"साडेपाच लाख हायेत. हळद आन् लग्न, दोन्ही तुमच्याकडं. बिलाच्या भानगडीत पडू नका."

बाईंनी पिशवीकडे न बघता चहा सांगितला. "शेठ, एवढी रोकड मला घेता येत नाही."

"का? खोट्या हायेत का नोटा?"

"नोटा खऱ्या आहेत, पण कायदाही खरा आहे. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका प्रसंगासाठी दोन लाख किंवा त्याच्यावर रोख घ्यायची नाही. घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड. आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. म्हणजे तुमच्या पाव्हण्यांना जेवायलाही मीच घालायचं आणि वर साडेपाच लाखही मीच भरायचे."

"आवो, कुनाला कळतंय?"

"मागच्या वर्षी एका लॉनवाल्यानं असंच म्हटलं होतं. आता तो लॉन विकायला काढलाय."

वैजनाथशेठनी पिशवी जवळ ओढली. पण आयुष्य बाजारात गेलेला माणूस, एका नकारानं उठेल कसा?

"मग आज दीड घ्या, परवा दीड, नंतर दीड, उरल्याले शेवटी."

"लग्न एकच ना? सगळं एकत्र धरतात."

"हळद येगळी, लग्न येगळं."

"हळद काय दुसऱ्या मुलीची आहे?"

शेठनी चहा बशीत ओतला, फुरका मारला, आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला. "असं करा. हळदीच्या दिवशी आमच्या आईची पंच्याहत्तरी हाय असं लिहा. वाढदिवस! त्याचा न् लग्नाचा काय संबंध?"

"आईंचं वय खरंच तेवढं आहे?"

"हाय की! थोडं जास्तीच आसंल."

बाई विचारात पडल्यासारख्या झाल्या. मग म्हणाल्या, "वाढदिवस असेल तर मी वाढदिवसाचे दीड लाख रोख घेईन. लग्नासाठी पावणेदोनपर्यंत रोख, पण वेगळ्या दिवशी आणायची. बाकीचे बँकेतून. मात्र एक सांगते, खोटं बिल मी करत नाही. वाढदिवस लिहिला की वाढदिवसच होणार."

"करा की! मी कुठं न्हाई म्हन्तोय?" शेठ हसत हसत पिशवी घेऊन गेले. बाई गंमत करतायत असं त्यांना वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी एलिझाबेथबाई शेठच्या आईला, राहीबाईंना भेटायला गेल्या. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"मावशी, तुमचा वाढदिवस करायचाय. काय जेवण ठेवू?"

राहीबाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाशी बोलतेय की काय ही बाई? "माझा? मी कवा जल्मले ते मलाच ठावं न्हाई."

"वैजनाथशेठनी सांगितलंय."

"वैजूनं?" म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग पदरानं डोळे टिपले, आणि टिपता टिपताच हिशेब सुरू केला. "मटन ठेव. माझ्या कर्जतच्या भनी येतील, त्यांना गाडी धाड. मला नवरीसारखी खुर्ची पायजे. आन् तो बोलायचा भोंगा आसतो ना, त्यो माझ्या हातात दे."

नंतर बाईंनी धनश्रीला फोन करून सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला बोलता येईना. "मावशी, माझी हळद आदल्या दिवशी घरीच करू," ती म्हणाली. "बाबांना मात्र काही कळू देऊ नका."

मुलीची हळद आदल्या दिवशी घरी आहे, हे शेठना हळद लागली तेव्हाच समजलं. "मग उद्याच्या मंडपात काय हाय?" त्यांनी विचारलं. धनश्रीनं त्यांच्याच गालाला हळद लावली.

दुसऱ्या दिवशी ते मंडपात शिरले तर समोर आईचा भलामोठा फोटो. खाली झेंडूच्या माळा. मधोमध लाल मखमली खुर्चीत राहीबाई नव्या साडीत बसल्या होत्या, शेजारी कर्जतच्या दोन बहिणी. शंभरावर माणसं मटणाच्या पातेल्यांवर डोळा ठेवून होती. व्याहीही सहकुटुंब आले होते.

"बाई, हे काय?" शेठ कुजबुजले.

"वाढदिवस," एलिझाबेथबाई म्हणाल्या. "बिलात लिहिलाय तो."

इतक्यात माइकवर राहीबाईंचा आवाज घुमला. "आमचा वैजू ल्हान हुता तवा पैशे पिठाच्या डब्यात दडवायचा. येकदा भाकर थापताना माझ्या हाताला चार आन्याचं नानं लागलं. मी गप तशीच थापली, भाजली, त्याच्याच ताटात वाढली. मोडला ना याचा दात!"

मंडप हसून कोसळला. व्याही तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेठ कानापर्यंत लाल झाले होते. पण म्हातारीनं हात पुढे करून त्यांना जवळ बोलावलं, आणि सगळ्यांदेखत गालावरून हात फिरवून म्हणाली, "पर माझा वाढदिस करनारा ह्योच पयला."

शेठनी वाकून पाया पडल्यासारखं केलं आणि तसेच बराच वेळ वाकून राहिले. व्याह्यांना वाटलं कंबर धरली.

लग्न थाटात झालं. मात्र घरची हळदही लग्नाच्याच बिलात आली, त्यामुळे वाढदिवस धरून एकूण आकडा मूळ साडेपाचाच्या बराच पुढे गेला. रोख ठरली तेवढीच घेतली गेली. उरलेल्यासाठी शेठ बँकेत जाऊन रांगेत उभे राहिले. पावती घेऊन ते बेलापूरला आले आणि बाईंपुढे ठेवत म्हणाले, "तुमी मला लई महाग पडला."

"मी नाही शेठ. रोकड महाग पडली."

शेठ उठले. दारापर्यंत गेले, परत वळले, आणि जरा आवाज उतरवून म्हणाले, "आई विचारीत हुती, पुढल्या साली बी येवढीच मान्सं बोलवायची का वाढवायची?"

एलिझाबेथबाईंनी पुढच्या वर्षीची तारीख तिथल्या तिथे राखून ठेवली.