तिसरं ‘नको’

तळहातावर ते पदक पडलं होतं – लांबट, कडेला दोरीसारखा पीळ असलेलं, इजिप्तच्या जुन्या राजांच्या नावांभोवती असतं तसल्या आकाराचं, आत मात्र नाव नसलेलं, कोरं – आणि चांदीचं असूनही ते गरम लागत होतं. म्हणजे हा माणूस बराच वेळ ते मुठीत धरून न्याहारीच्या खोलीबाहेर तिची वाट बघत उभा असणार. आता त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते. अब्ला इंशिराहनं मुद्दाम जरा वाकून बघितलं... हो, पाठीमागेच, एकात एक गुंतवलेले. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि आपले हात पाठीशी न्यायचे. मग गिऱ्हाईक ती परत देणार कुणाच्या हातात? ठेवायला जागा शोधता शोधता माणूस ओशाळतो, आणि एकदा ओशाळला की घेतो. हे तिला ठाऊक होतं. कुणी शिकवलं तेही ठाऊक होतं, पण सकाळी सकाळी तिला ते आठवायचं नव्हतं.

“नुसतं धरून तर बघा हो, हाझेमच्या आई! धरायला काय पैसे पडतात?” दुकानवाला शाझली म्हणाला. “बारापर्यंत हो म्हणा. मी कारागिराला फोन करतो, तो तिकडे नाव कोरतो, आणि संध्याकाळी कोम ओम्बोच्या धक्क्यावर पदक तुमच्या हातात. हाझेम काय खूश होईल बघा!”

“नको,” ती म्हणाली.

हे दुसरं. पहिलं काल इस्नाला, बोट बंधाऱ्याच्या दरवाजात पाणी भरायची वाट बघत अडकून पडली होती तेव्हा. ती मोजत होती. शाझलीही मोजत असणार – मोजायचंच असतं त्यांना.

या बोटीवर चार दिवसांत एक माणूस असा भेटला नव्हता, ज्याला काही विकायचं नव्हतं. मालिशवाली दाराखालून कागद सरकवत होती, फोटोवाला जेवता जेवता समोर येऊन ‘हसा’ म्हणत होता आणि मग ती हसलेली तोंडं जिन्यात टांगून ठेवत होता. गलाबियांच्या कार्यक्रमाला सगळ्यांनी पायघोळ गलाबिया घालायलाच हव्यात असा फतवा काढून खालच्या दुकानात त्याच गलाबिया मांडून ठेवल्या होत्या. दमनहूरच्या बाईला गलाबिया विकतात, मेले! परदेशी पाहुणे आताशा कमी, शाळांच्या सुट्टीमुळे निम्मी बोट आपल्याच लोकांनी भरलेली, आणि आपले लोक काही घेत नाहीत हे या मंडळींना पक्कं माहीत – म्हणून तर घासाघीस जास्त, लोचटपणा जास्त.

“आई, तू ना, त्यांच्याकडे बघत बसतेस म्हणून ते चिकटतात,” रबाब वरच्या डेकवर खुर्ची सरकवत म्हणाली. “सरळ सांगायचं, घेणार नाही, परत विचारू नकोस. मी कशी सांगते?”

रबाब औषधांच्या दुकानात बसते, तिला सांगायची सवय आहे. चौतीस वर्षांची ही मुलगी रजा काढून, आपली पोरं सासूकडे ठेवून आईला हवापालटासाठी घेऊन आली होती, कारण आई दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. इंशिराहला तिची माया कळत होती आणि ती मायाच अंगावर येत होती – सारखी शाल सरकव, सारखं ‘बरं वाटतंय ना?’ विचार. बरं वाटत होतं. पण का बरं वाटत होतं ते रबाबला सांगण्यासारखं नव्हतं.

काल शाझलीनं विचारलं होतं, “कुणाची आई म्हणू तुम्हाला, हज्जा?” – गोड बोलायची रीतच ती – आणि तिच्या तोंडून सव्वीस वर्षांच्या सवयीनं निघून गेलं, “हाझेमची.” जिभेनं विचारलंसुद्धा नाही. आणि त्या क्षणापासून या बोटीवर, या एका लोचट माणसाच्या तोंडी, ती पुन्हा हाझेमची आई झाली होती. दमनहूरमध्ये सगळ्यांनी, आपापसांत काही न ठरवता, तिचं नाव बदलून टाकलं होतं. किराणावाला ‘अब्ला’, म्हणजे शाळेतली बाई, म्हणायला लागला – जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं, तेव्हा ते चालून जात होतं – आणि शेजारीण, जी वीस वर्षं जिन्यातून ‘हाझेमची आई गं’ अशी हाक मारायची, ती एके दिवशी ‘रबाबची आई’ म्हणाली आणि लगेच पायपुसणं झटकायला लागली. सगळे चांगले लोक. चांगुलपणानं त्यांनी पोराला दुसऱ्यांदा पुरलं.

आणि हा शाझली ओरडतो, जिन्यात, जेवणघरात, सगळ्यांदेखत – हाझेमच्या आई! अल्ला त्याला सुखी ठेवो!... या बोटीवर एका माणसापुरता हाझेम जिवंत होता. म्हणून तिसरं ‘नको’ म्हणायचं नव्हतं. तिसऱ्या नकोनंतर ते सोडून देतात. हा नियम आहे त्यांचा.

तोही हाझेमनंच सांगितलेला. स्वयंपाकघरात, ती मुलुखियाची पानं खुडत होती आणि तो ओट्याला टेकून उभा होता, नवा कोरा सदरा घातलेला. गुरदाकामध्ये नोकरी लागली होती – हॉटेलातल्या खोल्या विकायच्या, खोलीसुद्धा नाही, खोलीतला एक आठवडा, ‘दर वर्षी कायमचा तुमचा’ म्हणून. आधी किनाऱ्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांना अडवायचं, नंतर ऑफिसात बसून कैरोच्या लोकांना फोन. त्यानं मिठाची बरणी तिच्या ओल्या हातात दिली आणि हात पाठीमागे नेले. “बघ आई, आता तू काय करणार?” ती बरणी घेऊन बावळटासारखी उभी. तो हसत सुटला. “आणि एकदा नको म्हटलं तर ऐकायचं नाही, दुसऱ्यांदाही नाही. माणूस तीनदा नको म्हणतो तेव्हाच त्याला खरोखर नको असतं.”

“म्हणजे भीक मागायची,” ती म्हणाली होती. “भिकारीसुद्धा एकदा नाही म्हटलं की पुढच्या दाराला जातो. याच्यासाठी तुला शिकवलं?”

त्यानं बरणी तिच्या हातातून काढून घेतली, झाकण नीट बसवलं आणि फळीवर ठेवली. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. ते तिला दिसलं होतं, आणि तिनं पानं खुडायचं थांबवलं नव्हतं.

नाईलच्या काठानं केळीच्या बागा मागे जात होत्या. एक म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती. रबाब पुस्तक तोंडावर घेऊन झोपली तशी इंशिराह उठली. बाराला वीस मिनिटं होती. पदक परत करायचं, एवढंच – असं ती स्वतःला सांगत जिना उतरली, आणि आपण स्वतःशी खोटं बोलतोय हेही तिला कळत होतं.

“या, या! मला ठाऊकच होतं,” शाझलीनं स्टूल पुसून पुढे केलं. “चांदीच ना? पुरुषमाणसाला सोनं धर्मात चालत नाही, तुम्हाला मी काय सांगणार. वय काय त्याचं?”

“अठ्ठावीस.”

म्हणून झाल्यावर ती दचकली. सव्वीस म्हणायला हवं होतं. तो सव्वीसला थांबला होता. पण तिनं – कधी, कुणाला न सांगता – त्याला दोन वर्षांनी मोठा केला होता.

“साखळी केवढी घेऊ? मान कशी आहे, बारीक की भरलेली?”

“बारीक. लांब आहे मान. पोरं उंट म्हणायची त्याला.”

“लग्न?”

“व्हायचंय अजून.”

“मग काय! आत्ताच दोन करून ठेवा. उद्या सून आली की म्हणेल, सासूबाई, माझं नाव कुठाय? तेव्हा शाझलीला कुठं शोधाल?”

ती हसली. मोठ्यानं, शालीचं टोक तोंडावर न घेता – आणि हसता हसता तिला जिन्यात रबाब दिसली. रबाबही हसत होती, आईला हसताना बघून. मग तिचं हसू हळूहळू उतरलं. ‘व्हायचंय अजून’ तिनं ऐकलं होतं. ती आली तशी परत वळली.

“बघते,” इंशिराह घाईनं म्हणाली. नकोही नाही, होही नाही. कोरं पदक मुठीतच राहिलं.

चहाच्या वेळी ते दोघे वर आले, बोटीचा मॅनेजर पुढे आणि शाझली मागे. रबाबनं काय सांगितलं असेल ते मॅनेजरच्या चेहऱ्यावर दिसत होतं, असले चेहरे तिनं दुखवट्याचे तीन दिवस, बिनसाखरेची कॉफी घेऊन बसलेल्या बायकांच्या रांगेत, भरपूर बघितले होते.

“बाई, आमच्याकडून चूक झाली,” मॅनेजर म्हणाला. “हा तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही. बोल रे.”

शाझलीचा आवाजच बदलला होता. गोडवा गेला होता, खालच्या पट्टीतला, दक्षिणेतल्या सैदी गावाकडचा आवाज, खरा. “मला ठाऊक नव्हतं, हज्जा. त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो.”

हज्जा. बघा, यानंही बदललं नाव.

आणि त्यानं हात पुढे केला, पदक परत घ्यायला. दिलेली वस्तू हे लोक परत घेत नाहीत – मेले तरी घेत नाहीत, हाझेम म्हणायचा – आणि हा हात पसरून उभा होता. इंशिराहनं मूठ घट्ट केली.

“मी दोनदाच नको म्हटलंय,” ती म्हणाली.

“आई...”

“तू थांब गं. मी दोनदा म्हटलंय. याला तिसऱ्यांदा विचारायला सांग. विचार ना रे. पहिल्यापासून बोल, जसा सकाळी बोलत होतास तसा. मी पुरं ऐकून घेते.”

शाझलीनं मॅनेजरकडे पाहिलं, मग खाली. “नाही हज्जा. आता नाही मला जमायचं.”

रबाबनं तिची बोटं एकेक करून सोडवली, लहान पोराच्या मुठीतून खडा काढावा तशी, आणि पदक त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं. ते गेले. रबाब तिच्या पायांशी बसली आणि रडायला लागली, “मला वाटलं तो तुला छळतोय... मला काय माहीत... आई, तू त्याला असं का सांगितलंस?”

तिनं रबाबच्या केसांवर हात ठेवला. तळहातावर त्या पिळाच्या कडेची लांबट खूण उठली होती.

दोन वर्षांपूर्वी, त्या दिवशी घरचा फोन वाजला होता. दुपारची वेळ. ‘मब्रूक, मब्रूक, अभिनंदन बाईसाहेब! सोडतीत तुमचा नंबर निघालाय...’ आणि तिनं ‘नको’ म्हणून फोन ठेवला होता. संध्याकाळी जाफरानाच्या रस्त्यावर हाझेमची बस उलटली. तिसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसातला एक पोरगा रडत रडत सांगून गेला – निघायच्या आधी त्यानं घरी फोन लावला होता हो, गंमत म्हणून, विकायचा आवाज काढून, आम्ही सगळे भोवती जमलो होतो ऐकायला. फोन ठेवल्यावर हाझेम काय म्हणाला ते त्या पोरानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, सगळ्यांना, रबाबला, शेजारणीला, नमाजेच्या चटईवर स्वतःला: मी ओळखलं नाही. रोज असले फोन येतात. मी कशी ओळखणार?

सगळ्यांना ते पटलं होतं. दोन वर्षं तिलाही पटलं होतं.

आता कोम ओम्बोचे खांब लांबून दिसायला लागले होते. बोटीची गती कमी झाली, कुणीतरी धक्क्यावर दोर फेकायला पुढे धावलं, आणि तिला ती दुपार दिसली, फोन ठेवल्यानंतरची, जी ती कधी बघत नसे. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात परत गेली नव्हती. गॅसवर भात होता, तो खाली लागल्याचा वास येत होता, आणि ती तिथंच, फोनशेजारच्या खुर्चीवर, फोनवर हात ठेवून बसून राहिली होती. चांगला अर्धा तास. करपू दे भात. एकदा नको म्हटलंय, आता दुसऱ्यांदा करेल. दुसऱ्यांदा नको म्हणू, जरा रागावून. मग तिसऱ्यांदा करेल, तेव्हा म्हणू, बास झालं रे गाढवा, गुरुवारी जेवायला येतोयस ना?

विकणाऱ्या परक्या माणसाच्या फोनची वाट बघत कोण बसतं?

“काही हवंय का आई?” रबाबनं डोळे पुसत विचारलं.

“नको,” ती म्हणाली.

तू एकदाच विचारलंस, हाझेम. मी तर तिथंच बसले होते.