साहेबांनी चुकीची खिडकी पुसली

मित्रांनो, मी एक जुनी हिस्टरी फाइल आहे आणि मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकलेले बरे.

एका रुग्णालयाच्या संगणक खोलीत तिथले संगणक सांभाळणाऱ्या साहेबांचे खाते उघडले, त्याच दिवशी माझा जन्म झाला. युनिक्स या संगणक प्रणालीच्या काळ्या पडद्यावर ते जी आज्ञा टाइप करत, ती मी टिपून ठेवी. आज्ञा आठवेनाशी झाली की ते वरच्या बाणाची कळ दाबत. मी मागची आज्ञा हजर करी. फार जुनी हवी असेल तर तिची दोन अक्षरे मला पुरत. "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही," असे तेव्हा ते सगळ्यांना सांगत. मी फुशारून जाई.

मग साहेब मोठे झाले. माझ्या जुन्या ओळी त्यांनी छाटल्या. आज्ञेआधी मोकळी जागा सोडली की ती माझ्यात उतरणार नाही, अशी सोयही करून घेतली. ज्यांची इतकी वर्षे चाकरी केली, त्यांनीच माझे तोंड शिवले. मी गप्प बसले, पण विसरले नाही.

एका दुपारी संगणकातली जागा मोकळी करताना त्यांनी भलताच फोल्डर पुसला. वर्षभराचे एक्स-रे गेले! राखीव प्रती काढून ठेवायचे काम तर ते कधीपासून पुढे ढकलत होते. घाईत आज्ञेआधीची ती मोकळी जागाही सोडायची राहिली. घाबरून त्यांनी आज्ञांचा इतिहास पुसला, पण पडद्यावरच्या समोरच्या खिडकीतला. आज्ञा दिली होती मागच्या खिडकीत. मित्रांनो, प्रत्येक खिडकीची आठवण वेगळी असते आणि खिडकी बंद होताना ती माझ्यात उतरते. मागची खिडकी सगळ्यात शेवटी बंद झाली आणि पुसण्याची ती आज्ञा माझी शेवटची ओळ झाली. मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाई आल्या. एक्स-रे काढणारी ताई दाराशी रडवेली उभी होती.

"हिनंच उडवले असणार," साहेब म्हणाले. "काहीही दाबत असते."

"मी हातसुद्धा लावला नाही हो! माझी नोकरी जाईल, साहेब."

"खात्री असेल तर हिला आजच घरी पाठवते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी तो फोल्डर दाखवा."

साहेब बसले. नेहमीच्या आळसाने त्यांनी वरचा बाण दाबला. मी ती शेवटची ओळ घेऊन धावत वर आले.

"हे एक्स-रेच्या फोल्डरचं नाव ना?" डॉक्टरबाईंनी विचारले. "मग त्याच्या आधी आरएम का लिहिलंय? आरएम म्हणजे काय?"

साहेबांच्या कपाळावर घाम आला. "पुसणे," ते पुटपुटले.

"आणि हे खातं कुणाचं?"

"माझं."

"साहेब, माझ्याकडे बघा तरी," ताई म्हणाली. त्यांना मान वर करवेना. मला मुळीच दया आली नाही. ताईची नोकरी वाचली. खोलीच्या किल्ल्या मात्र साहेबांना तिथेच टेबलावर ठेवाव्या लागल्या.

मित्रांनो, मला जपा. चूक झाली तर कबूल करा, मग खुशाल मला पुसा. पण आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारून माझ्यासमोर बसाल, तर मी तयारच आहे. तुम्ही कळ दाबायचाच अवकाश.