बोलत बोलत पायडल मारा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे खरी, पण माझ्यावर बसून आजवर कुणी कुठल्या गावाला गेलेलं नाही. मला एकच चाक आहे आणि तेही जमिनीला टेकत नाही. व्यायामाची सायकल म्हणतात मला.

माझं हे जड चाक बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ओतलं गेलं. शेजारच्या शेडमध्ये माझा सांगाडा जोडला, त्याला निळा रंग दिला आणि अनगोळच्या एका तालमीनं मला नेलं. तिथली पोरं जोर-बैठका झाल्या की उरलीसुरली रग माझ्यावर जिरवायची. पायडलाचा असा सपाटा लावायची की माझे नटबोल्ट सैल व्हायचे. मला ते आवडायचं. पुढं पडद्यावर आकडे दाखवणारी नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. माझ्या हँडलवर लंगोट वाळू लागले. साखळीला गंज चढला. सीटच्या फाटक्या रेक्झिनमध्ये मुंग्यांनी संसार मांडला.

तिथून मला सुविधानं बाहेर काढलं. ही निपाणीची. तिची आजी तंबाखूच्या वखारीत राबली, नात मात्र शारीरिक शिक्षणाची पदवीधर झाली. मग तिनं आणखी एक शिक्षण घेतलं, आजारातून उठलेल्या माणसांना व्यायाम कसा द्यायचा याचं. म्हणजे असं बघा. मोठं ऑपरेशन झालं की दवाखान्यातले फिजिओथेरपिस्ट माणसाला उभं करतात, चालवतात, आणि एक दिवस सांगतात, आता आमचं काम झालं, घरी जा. घरी गेलेला माणूस भ्यालेलाच असतो. जिना चढू का? भरलेली घागर उचलू का? तिथून पुढचं काम सुविधाचं.

टिळकवाडीत एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर तिनं दोन खोल्या घेतल्या होत्या. तिनं स्वतः पॉलिश पेपरनं माझा गंज खरवडला, साखळीला तेल दिलं, नवी सीट बसवली. "हिला पडदा न्हाय तेच बरं," ती म्हणाली. "आकडा वाढला की माणसं घाबरतात." नाडी ती स्वतः मनगट धरून बघायची. आणि माझ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची, मराठी माणसाला मराठीत, कानडी माणसाला कानडीत: "बोलत बोलत पायडल मारा." पायडल मारताना पुरं वाक्य बोलता आलं, तर काळजाला तो भार सोसतोय. वाक्य मध्येच तुटायला लागलं, तर थांबायचं. तिच्या या कायद्यामुळं टिळकवाडीतली निम्मी खबरबात माझ्या कानावर पडली आहे.

एके दिवशी नागोजी अण्णा आले. खानापूर भागातल्या शेतकरी घरातला माणूस, लोंढ्याला रेल्वेत गँगमन. हातोडा आणि पाना घेऊन जंगलातून रुळांच्या कडेनं चालायचं, ढिला झालेला बोल्ट दिसला की आवळायचा, हे त्यांचं काम. चार महिन्यांपूर्वी हृदयाचं बायपास ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यानं व्यायामाची परवानगी दिली होती, म्हणून ते अनगोळला मेव्हण्याच्या घरी उतरले होते. बरोबर त्यांची बायको मालुबाई. हातात पाण्याची बाटली, पिशवीत गोळ्या, आणि नजर नवऱ्याच्या छातीवर.

अण्णा माझ्यावर बसले, पण पायडलावर पाय ठेवेनात.

"म्याडम, ह्यो धडधडतोय बगा आत. फुटंल की काय!"

"धडधडायसाठीच हाय तो, अण्णा," सुविधा म्हणाली. "हळू फिरवा. तुमच्या रुळावर कधी जनावर आलतं का, ते सांगा."

"आलतं की! गवा आलता. एवढं धूड, रुळाच्या मधी हुबा. आमी चौघं झाडामागं आन् ह्यो गडी आमच्याकडं बगत रवंथ करतोय..."

गव्याची गोष्ट संपली तेव्हा त्यांना कळलं की आपले पाय फिरतायत. मालुबाईंनी पहिल्यांदा बाटली खाली ठेवली.

त्यानंतर अण्णा नेमानं येऊ लागले. पायडल जड करणारा माझ्या ब्रेकचा खटका सुविधा हळूहळू आवळत गेली. त्यांच्या गोष्टीही लांबत गेल्या. धुक्यात वाट चुकलेला मुकादम, पावसात खचलेली दरड, तिन्हीसांजेला रुळावरून एकट्यानं परत येताना लागणारा जंगलाचा वास. हा माणूस मनानं अजून रुळावरच चालत होता. रेल्वेच्या डॉक्टरांची तपासणी जवळ आली होती. त्यात पास झाले तर पुन्हा गँगमध्ये जाता येणार होतं. नाहीतर बसून करायचं काम मिळणार होतं.

"खुर्चीत बसून मी काय करू?" ते म्हणायचे. "म्हातारा हुईन दोन दिसात."

मित्रांनो, एका सकाळी ते बसले आणि मला काहीतरी वेगळं जाणवलं. पायात जोर होता, उलट नेहमीपेक्षा जास्तच होता. पण तो जोर धक्क्याधक्क्यानं येत होता, दातओठ खाऊन लावल्यासारखा. मला वाचा नाही. मी फक्त कुरकुरू शकते, आणि मी कुरकुरले.

"काल पाव्हणं आलते म्हणं?" सुविधानं विचारलं.

"व्हय."

"कोण कोण आलतं?"

"भाऊ."

"लोंढ्याचं काय म्हणतोय?"

"बरं हाय."

त्यांनी डाव्या हातानं जबडा चोळला. सुविधा उठली आणि तिनं माझा खटका एकदम सैल सोडला.

"अण्णा, थांबा. हळूहळू थांबा. जबड्यात काय हुतंय?"

"कुठं काय? दात दुकतोय."

"सायकलवर बसल्यावरच दुखतोय?"

मालुबाई जागेवरून उठल्या. "आवं, परवा जिना चढताना बी तुमी असाच जबडा धरलासा. मी इचारलं तर म्हणला, सुपारी अडकली."

"तू गप गं!" अण्णा ओरडले. मग सुविधाकडं वळून हळूच म्हणाले, "आठ दिवस हुतंय. इसावा घेतला की थांबतंय. म्याडम, सोमवारी तपासणी हाय. तेवढी हू दे. मग तुमी म्हणशीला त्या डाक्टरकडं येतो."

"न्हाय, अण्णा. आत्ता."

"तुमी माझं काम घालवायला निघालाय!" अण्णा हँडल सोडेनात. "तुमी डाक्टर हाय व्हय?"

"न्हाय ना. म्हणून तर थांबवते," सुविधा म्हणाली. "ह्याच्या पुढचं मला कळत न्हाय. ज्यांना कळतं त्यांच्याकडं जाऊ."

तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. मालुबाईंनी दवाखान्यानं दिलेली गोळी पिशवीतून काढून त्यांच्या जिभेखाली ठेवली. सुविधानं त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्यांचा हात धरून बसली. अण्णांनी तो हात दोनदा झटकला. तिनं तो दोनदा पुन्हा धरला. गाडीत ती त्यांच्याबरोबरच गेली. दारं उघडी होती, पंखा चालू होता, आणि माझं चाक केव्हाच थांबलं होतं.

जबड्याचं दुखणं काळजातूनच येत होतं, बायपासमध्ये जोडलेली एक रक्तवाहिनी बंद होत आली होती. त्याच दिवशी तारेची जाळी घालून ती उघडावी लागली. अण्णा वाचले. सोमवारची तपासणी हुकली, आणि नंतर झालेल्या तपासणीत डॉक्टरांनी रुळावरच्या कामाला कायमची मनाई केली.

सुविधा त्यांना बघायला दवाखान्यात गेली, तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. हे मला पुढं बोलण्यातून कळलं, पण तिला ते किती लागलं हे त्या दिवशीच्या तिच्या पुसण्यावरूनच कळलं. ती मला पुसत होती, पुसत होती, आणि मधेच थांबून बाहेर बघत होती. बरोबर वागलेल्या माणसालाही वाईट वाटायचं राहत नाही, हे मी तेव्हा शिकले.

दिवस गेले. माझ्यावर दुसरी माणसं बसत होती, बोलत होती. गव्याची गोष्ट मात्र कुणाजवळ नव्हती.

आणि मग एका सकाळी दोघंही दारात उभे. अण्णा वाळले होते, पण रंग परत आला होता. लोंढ्याच्या स्टेशनात हत्यारांच्या कोठीवर त्यांची नेमणूक झाली होती. सकाळी गँगला हातोडे, पाने मोजून द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे.

"पोरं हत्यारं घिऊन रुळाकडं जात्यात, आन् मी दारात बगत ऱ्हातो," ते सुविधाला म्हणाले. "राग हाय मला. तुमच्यावर बी हाय. खोटं कशाला बोलू?"

"असू दे, अण्णा."

"पर राग करायला मी हाय, हे बी खरं हाय की." त्यांनी चपला काढल्या. "डाक्टर म्हणला, परत यायाम चालू करा. मी म्हणलो, मग त्याच म्याडमकडं जातो."

सुविधा हसली. तिचे डोळे भरले होते. अण्णा माझ्याकडं निघाले, तोच तिचं लक्ष मालुबाईंकडं गेलं. त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या. रस्त्यापासून दारापर्यंत चारच पायऱ्या, पण त्यांना धाप लागली होती. पाय सुजले होते. वर्षभर दवाखाना, घर आणि शेत एकटीनं ओढणाऱ्या त्या बाईकडं कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

"मालुआक्का, तुमची तब्येत कधी दाखवलासा डॉक्टरला?"

"माझी?" त्या लाजल्या. "मला काय धाड भरल्या!"

अण्णांनी मागं वळून बायकोकडं पाहिलं. मग म्हणाले, "आधी हिला दाखवू, म्याडम. मग माझं बगू."

मालुबाईंचं रक्त कमी भरलं होतं आणि ब्लडप्रेशर फार वाढलं होतं. औषधं सुरू झाली, पायांची सूज उतरली, आणि डॉक्टरांनी हलक्या व्यायामाची परवानगी दिली. आता अण्णांच्या सुट्टीला दोघं लोंढ्याहून रेल्वेनं येतात, आणि साडीखाली भाचीची ट्रॅकपँट घालून मालुबाई माझ्यावर बसतात. त्यांच्या उंचीला माझी सीट खाली करावी लागते, ती अण्णाच करतात, गँगमनच्या हातानं, पान्याचा एक पीळ देऊन. मग बाटली घेऊन बाजूला बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर त्याला जपा. दुखत असताना "काही नाही" म्हणायची त्याची सवय मोडा. पण तेवढं करून थांबू नका. त्याच्या उशाशी जो बसलेला असतो, त्यालाही कुणीतरी विचारावं लागतं.

मालुबाई मात्र पायडल मारताना फारशा बोलत नाहीत. सुविधानं आग्रह केला की जात्यावरची ओवी म्हणतात. परवा त्यांची पुरी ओवी एका दमात झाली. अण्णा म्हणाले, "आता आनिक एक म्हण."