मोकळं लोखंड

जरा डोळ्यांपुढे आणा, मुलांनो: छोट्या कलिंगडाइतकी जड अशी एक लोखंडी कडी. तिच्यात दोर ओवून चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढतात. आता ती पाटावर ठेवा. शेजारी साखळी ठेवा, जॅक ठेवा. खंडेनवमी आहे, तेव्हा सगळ्यांवर झेंडू वाहा. आणि भाईंदरच्या जुन्या गावातले पुंडलिक आजोबा वाकून त्यांना हळदकुंकू लावताहेत, तिकडे बघा.

अवजारं त्यांच्या मुलाची, हितेशची. अडकलेल्या गाड्या सोडवणं हे त्याचं काम. एरवी ती जीपच्या मागच्या सीटमागे दोन रुंद पट्ट्यांनी करकचून आवळलेली असत. आज ते पट्टे अंगणात एका कडेला गुंडाळून पडले होते. त्यांना कोण हत्यार म्हणणार?

तेवढ्यात हितेशचा फोन वाजला. वरसाव्याला खाडीलगत एक टेम्पो गाळात रुतला होता आणि भरती चढत होती.

"बाबा, जायला लागेल."

"जा की. अडकलेल्याला न्हाय म्हनू नये. मी पन येतो. पन पुजलेलं हत्यार बांधायचं न्हाय. दसऱ्यापरत मोकलंच ठेवायचं."

"अहो, ब्रेक मारला की उडेल ते सगळं!"

"माज्या बापानं मिठागरातला फावडा कदी बांधला न्हाय. उडाला का तो?"

"तो बैलगाडीत होता, बाबा."

मागच्या सीटवर आधीच जाऊन बसलेली हितेशची नऊ वर्षांची मुलगी चांदणी खुदकन हसली. हितेशनं मात्र सीटमागे गोणपाट अंथरलं आणि सगळं फुलांसकट त्यावर ठेवलं. पुंडलिकांना बरं वाटलं. म्हाताऱ्याचं अजून ऐकतात घरात.

घोडबंदर रस्त्याच्या उतारावर एक स्कूटर आडवी आली. हितेशनं ब्रेक दाबला. मागे लोखंड खणखणलं आणि चांदणी किंचाळली. पुंडलिकांनी मान वळवली तेव्हा कडी तिच्या मांडीत पडली होती आणि झेंडूच्या पाकळ्या तिच्या केसांत.

खांद्याचं हाड मोडलं होतं. "थोडं वर लागलं असतं तर," एवढंच डॉक्टर म्हणाले. टेम्पो दुसऱ्या कुणीतरी काढला.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झालं, तरी पुंडलिक पायरीवरून उठले नाहीत. हितेश त्यांना एक शब्द बोलला नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं. अवजारं जीपमध्ये तशीच मोकळी होती. जाऊन बांधावीत असं त्यांना दुपारपासून वाटत होतं. पण जीपपाशी जायचे आणि नुसता दाराला हात लावून परत यायचे.

चांदणी बाहेर आली. डावा हात गळ्यात अडकवलेला, उजव्या हातात कुंकवाचा करंडा. ती आपल्याकडेच येतेय असं वाटून त्यांनी मान खाली घातली.

ती त्यांच्यापुढून गेली. कडेला पडलेल्या पट्ट्यांपाशी बसली. एका पट्ट्याला कुंकू लावलं, मग दुसऱ्याला. दाराच्या तोरणातलं एक फूल ओढून त्यांच्यावर ठेवलं. आजोबा करतात तशी क्षणभर डोळे मिटून बसली.

मग एक पट्टा फरफटत पायरीशी आणला आणि त्याचं टोक पुंडलिकांच्या हातात दिलं.

"आजोबा, मला एका हातानं आवळता येत नाही."

दुसरं टोक दातांत धरून ती जीपमध्ये चढली.