कापलेली चिठ्ठी

"उमटला! ठसा उमटला!"

चपलांच्या दुकानावरच्या सभागृहात दीडशे माणसं एकदम उठली. मागच्यांना दिसेना म्हणून ती खुर्च्यांवर चढली. व्यासपीठावर ठसेबाबांनी एका तरण्या बाईचं मनगट उंच धरलं होतं. मनगटावर बटणाएवढं लाल वर्तुळ होतं. कड सुजलेली, मधे बारीक पाण्याचे फोड.

"मी हात लावला का? मी काही चोळलं का?" बाबा गरजले. "कंकण बांधलं हिच्या सासूनं, घरातल्या सगळ्यांना! कंकण खोटं बोलत नाही, लेकरांनो. घरात ज्याच्या पोटात विष, त्याच्या हातावर ते तीन दिवसांत वर येतं. बाकीच्यांचे हात बघा!"

सासूनं हात वर केले, नवऱ्यानं केले. दोघांचेही धुतल्यासारखे स्वच्छ. सभागृहात 'अरे बापरे' अशी लाट पसरली.

मण्यांची कंकणं ओवून विकणारी मणीवाली खांबाला टेकून उभी होती, ती पुढे सरकली. तो हात तिच्या थोरल्या बहिणीच्या सुनेचा होता, आणि त्यावर सरकवलेलं कंकण तिनं स्वतः ओवलेलं होतं. दुहेरी फासाची गाठ, वर मेणाचा थेंब; आपली गाठ तिनं अंधारातही ओळखली असती. फक्त चिठ्ठी नव्हती.

चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं मनगट तिच्या मालानं सुजलं होतं. गल्लीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, की कंकणातल्या चकचकीत चकतीत निकेल हा धातू असतो, काहींच्या कातडीला तो सोसत नाही. तेव्हापासून अशा प्रत्येक नगाला ती पांढऱ्या दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची: 'चकतीत निकेल आहे. खोट्या दागिन्यांनी खाज सुटत असेल तर घालू नये.' शेजारचे दुकानदार हसायचे, "स्वतःच्या मालाची स्वतःच बदनामी!"

बाबा सासूकडे वळले. "आठ महिन्यांचं बाळ दिवसरात्र रडतं म्हणालात ना? कारण सापडलं. आईचं दूध बंद. तिला त्याच्या वाऱ्याला उभं करू नका. शनिवारी आणा. घरात ठेवायची की माहेरी धाडायची, ते सांगतो."

त्या दिवशी बुधवार होता.

मणीवाली तडक बहिणीच्या घरी गेली. आतल्या खोलीचं दार बंद, किल्ली बहिणीच्या कमरेला, पलीकडे बाळ टाहो फोडत होतं. दाराबाहेर सून भिंतीला पाठ लावून बसली होती. अंगावरचे कपडे दुधानं भिजले होते.

"अक्का, दार उघड."

"बाबांनी सांगितलंय."

"बाबाला दूध येतं का? अगं, ते कंकण माझ्या दुकानातलं आहे!"

"असेल. मंत्र तर त्यांचा आहे."

मणीवाली सुनेजवळ बसली. "तू कानात काही घालत नाहीस, ते का गं?"

"चिघळतात, मावशी. लहानपणी खोटे डूल घातले होते, तेव्हापासून."

"आणि पँटच्या बटणाखाली? बेंबीपाशी?"

सून ओशाळली. "खाजतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ऐकलंस, अक्का? विष कानात, विष बेंबीत. जिथं तो धातू लागतो तिथंच नेमकं!"

"मग मला का नाही उठलं काही?" अक्का कडाडली. "तुझ्या भाच्याला का नाही?"

"कारण प्रत्येकाची कातडी वेगळी. एकदा बिघडली की त्या धातूवर कायम चिडते. कान टोचून स्वस्तातले डूल घालतात त्यांची जास्त बिघडते. बाबानं आजवर आठ जण पकडले, त्यात सात बायका. एवढं विष बायकांच्याच पोटात असतं होय?"

"असतं," अक्का म्हणाली. "तुझी जीभच बघ."

सुनेला अशाही वेळी हसू आलं, आणि लगेच रडू.

मणीवालीनं घरून डबा आणला. त्यातली दोन नवी कंकणं काढली. एका चकतीला नखांचं बिनरंगी पॉलिश तीनदा लावून वाळवलं, दुसरी तशीच ठेवली. "पॉलिशचं डाव्या दंडावर, साधं उजव्या. गाठी तूच मार, अक्का, म्हणजे मी लबाडी केली म्हणायला नको. या मण्यांवर कोणी मंत्र घातलेला नाही. ओवताना मी शिव्या घातल्या असतील तेवढ्याच."

"मावशी, पुन्हा फोड येतील?" सुनेनं विचारलं.

"उजवीकडे येतील. दुखेल. नको असेल तर नाही म्हण."

सुनेनं दोन्ही दंड पुढे केले. "बांधा. कातडं सोललं तरी चालेल, पण मला माझं बाळ द्या."

अक्कानं गाठी मारल्या. पण दार उघडलं नाही.

मणीवालीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ओवायला बसली की दोरा सुटे, मणी घरभर पळत. चूल पेटवून ती भाजी चिरायला विसरे. दिवसातून चारदा बहिणीच्या दाराशी जाऊन कान लावून येई. शुक्रवारी सांडलेले मणी वेचता वेचता तिला काही महिन्यांपूर्वी आलेलं एक गिऱ्हाईक आठवलं. पांढरे कपडे, गोड बोलणं; बुधवारी बाबांमागे उभा होता तोच. तिनं त्याला लाकडी चकतीची कंकणं दाखवली होती. "ही घ्या, कोणालाच त्रास नाही." तो म्हणाला होता, "नको. चिठ्ठीवालीच द्या. असतील तेवढी."

तेव्हा तिला केवढं बरं वाटलं होतं, कोणीतरी आपली चिठ्ठी वाचली म्हणून! आता उलगडलं. सावध करायला लिहिलेल्या ओळीवरूनच त्यानं हत्यार निवडलं होतं.

शनिवारी सभागृह ओसंडत होतं. व्यासपीठावर सुनेनं बाह्या वर केल्या. उजव्या दंडावर लालभडक वर्तुळ. डावा दंड कोरा.

बाबांनी दोन्ही दंड फिरवून पाहिले आणि हात उंचावून म्हटलं, "उजवी बाजू कर्माची! कर्मात विष आहे!"

माना डोलू लागल्या. मणीवाली व्यासपीठावर चढली.

"बाबा, ही कंकणं तुमची नाहीतच. बुधवारपर्यंत माझ्या डब्यात होती. मंत्र नाही, तंत्र नाही, तरी ठसा उमटला. आणि डावीकडे नखांचं पॉलिश लावलं, तर तुमचं विष गपगार? अशानं कर्म धुवायला बायकांनी पार्लरमध्येच जावं!"

मागे कोणीतरी फसकन हसलं.

"बाई, श्रद्धेचा अपमान होतोय," पांढऱ्या कपड्यांतला शिष्य पुढे आला.

"या, तुमचीच वाट बघत होते. चिठ्ठीवालीच द्या, असं म्हणाला होतात ना? लोकहो, आपापल्या कंकणाची गाठ बघा. मेणाखाली पांढऱ्या दोऱ्याचं टोक आहे का? कातरीनं कापलेलं?"

दीडशे माना खाली वळल्या. एकजण म्हणाला, "आहे!" मग दुसरा. मणीवालीनं डब्यातल्या कंकणाची न कापलेली चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. तिला मागच्याच महिन्यात घराबाहेर काढलं होतं. "माझेही कान चिघळतात," ती म्हणाली. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या राहिल्या.

बाबांना नेमकी त्याच वेळी ध्यानाची आठवण झाली. ध्यानाला जाणारा माणूस मागच्या जिन्यानं दोन-दोन पायऱ्या उतरताना लोकांनी प्रथमच पाहिला.

अक्का जागची हलली नव्हती. रडून रडून घसा बसलेलं बाळ तिच्या मांडीवर होतं. ते तिनं सुनेच्या हाती दिलं. सून पाठ वळवून खुर्चीवर बसली आणि बाळाला जवळ घेतलं.

"माझं चुकलं गं," अक्का पुटपुटली.

"ते नंतर," मणीवाली म्हणाली. "दवाखाना सहाला बंद होतो."

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या कानात बॅटरी धरून पाहिलं. आत पू होता. अक्कानं विचारलं, "कशामुळे झालं?" आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

हाच प्रश्न आधी विचारायचा असतो, बाबांनो. अंगावर काही उठलं, मूल रडायचं थांबेना, तर 'कोणामुळे' म्हणून घरातल्या माणसाकडे बोट दाखवू नका. 'कशामुळे' ते शोधा, ज्याला कळतं त्याला विचारा, स्वतः पडताळून पाहा. आणि वस्तूवर कोणी खबरदारीचे दोन शब्द लिहिले असतील, तर ते वाचल्याशिवाय ती वस्तू अंगाला लावू नका. तुम्ही वाचलं नाहीत, तर ते दुसराच कोणी वाचतो.